सांगितलं की करतात

‘उदासीन’ या एका मराठी शब्दात आपण निदान तीन वेगवेगळी माणसं कोंबलेली आहेत. पहिलं माणूस खिन्न असतं, कारण ‘उदास’ आणि ‘उदासीन’ यांत आपण रोजच्या बोलण्यात फारसा फरक करत नाही. दुसरं बेफिकीर असतं: मतदानाबाबत उदासीन नागरिक, खड्ड्यांबाबत उदासीन प्रशासन. तिसरं माणूस जुनं आहे. संस्कृतात हा शब्द ‘बाजूला बसलेला’ या अर्थी येतो. कौटिल्याच्या राजमंडळातला ‘उदासीन’ हा दुबळा राजा नव्हे. तो इतरांच्या भांडणात न पडलेला, पण पडला तर पारडं फिरवू शकेल असा बलवान राजा आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना ‘उदासीन’ हा शब्द येतो, आणि तोही ‘दक्ष’ या शब्दाला खेटून. म्हणजे तिथला उदासीन माणूस पूर्ण जागा आहे. त्याने फक्त बाजू घेतलेली नाही.

ग्रीकांच्या ‘अपाथेइया’चंही थोडंफार असंच झालं. स्टोइक तत्त्वज्ञांना विकारांच्या ओढाताणीतून सुटलेलं मन म्हणजे मोठी कमाई वाटे. त्याच शब्दापासून आलेला ‘ॲपथी’ आज न्यूरॉलॉजीच्या पुस्तकांत एका लक्षणाचं नाव आहे. एकीकडे जे साधण्यासाठी माणसं आयुष्य घालवतात, तेच दुसरीकडे रक्तवाहिन्या खराब झाल्याने आपोआप पदरात पडतं. निदान बाहेरून तरी तसं दिसतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन गोष्टींत फरक कसा करायचा, आणि तो करण्याचा अधिकार कुणाला, हा मला इथे सोडवून पाहायचा प्रश्न आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण तो शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा खातो. ही रसद खोलवर पोचवतात त्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या. वय, वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांनी त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात. मोठी वाहिनी बंद पडली तर हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, घरचे धावत सुटतात. या बारीक वाहिन्यांचं तसं नसतं. इथे वाटाण्याहून लहान एखादी पोकळी, तिथे एक धूसर पांढरा डाग, असं नुकसान गुपचूप साठत जातं. ऑटो बिन्स्वांगर या डॉक्टरने 1894 मध्येच अशा खोलवरच्या नुकसानाचं वर्णन केलं होतं, पण ते जिवंत माणसात सहज दिसू लागलं एमआरआय आल्यावर. आज साठी-सत्तरीच्या माणसाचा एमआरआय कुठल्याही कारणाने काढला, तरी अहवालात ‘वयोमानानुसार सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बदल’ अशी एक ओळ बऱ्याचदा असते. ती वाचून सगळे मान डोलावतात. केस पिकतात, तसंच हे.

नुकसान जिथे होतं ती जागा महत्त्वाची आहे. मेंदूचा पांढरा भाग म्हणजे तारांचं जाळं. आठवणींची, भाषेची, हिशेबाची केंद्रं शाबूत असतात, पण कपाळामागचा भाग आणि खोलवरची केंद्रं यांना जोडणाऱ्या तारा विरळ होतात. याच वाटांवरून ‘हे करण्यासारखं आहे’ या जाणिवेचं ‘चल, उठ’ यात रूपांतर होतं. त्यामुळे माणसाला सगळं येत असतं, सगळं कळत असतं, पण सुरुवात होत नाही. याचं टोकाचं रूप फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट दोमिनिक लाप्लान यांनी 1980 च्या दशकात नोंदवलं. मेंदूच्या खोलवरच्या केंद्रांना दोन्ही बाजूंनी इजा झालेले त्यांचे रुग्ण तासन्‌तास बसून राहत. काय विचार चाललाय असं विचारलं, तर शांतपणे सांगत, काहीच नाही. पण प्रश्न विचारला की उत्तर बरोबर येई, काम सांगितलं की ते होई. बंद पडला होता तो फक्त आतून येणारा धक्का.

हे ओळखायचं कसं? रॉबर्ट मारिन या मानसोपचारतज्ज्ञाने 1990 च्या सुमारास औदासीन्याला नैराश्यापासून वेगळं काढून स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून मांडलं आणि 1991 मध्ये त्यासाठी अठरा प्रश्नांची मोजपट्टी दिली. तिच्या तीन आवृत्त्या आहेत. एक रुग्णाने स्वतः भरायची, दुसरी जवळच्या माणसाने, तिसरी डॉक्टरने. तीन आवृत्त्या लागतात यातच अडचणीची कबुली आहे. ताप आलाय की नाही हे सांगायला तीन साक्षीदार लागत नाहीत. नंतर तज्ज्ञांच्या गटांनी निकष ठरवले: माणसाच्या आधीच्या वागण्याच्या तुलनेत घट हवी, ती निदान चार आठवडे टिकलेली हवी, आणि कृती व विचार, भावना, माणसांत मिसळणं यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवी.

वेळ कमी असला की मात्र वृद्धांच्या नैराश्याच्या पंधरा प्रश्नांच्या यादीतले तीनच प्रश्न औदासीन्यासाठी उचलले जातात. तुम्ही तुमचे बरेच छंद आणि कामं सोडून दिलीत का? बाहेर जाऊन नवीन काही करण्यापेक्षा घरी राहणं तुम्हाला बरं वाटतं का? अंगात भरपूर उत्साह आहे असं वाटतं का? हे प्रश्न मी ओळखीच्या पाच-सहा ज्येष्ठांवर मनातल्या मनात चालवून पाहिले. गुडघे दुखताहेत, फुटपाथवर स्कूटर लावलेल्या आहेत, नाट्यगृहात जिने आहेत. अशा गावात सत्तरीचं कुठलं शहाणं माणूस नवीन काही करायला बाहेर पडणं पसंत करील? प्रश्नावली माणसाला तपासते आहे की त्याच्या रस्त्याला, हे नेहमी कळत नाही.

तरीही औदासीन्य शोधणं चैनीची गोष्ट नाही. लंडन आणि नेदरलंड्समधलं नायमेगेन इथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या रुग्णांचा काही वर्षं मागोवा घेऊन 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात औदासीन्य होतं किंवा वाढत गेलं, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त निघाला. नैराश्याचा तसा संबंध दिसला नाही. औदासीन्यामुळे स्मृतिभ्रंश होतो असं याचा अर्थ लावायची गरज नाही. बहुधा तारांच्या त्याच झिजेची ती आधी दिसणारी खूण आहे. पण तिला नैराश्य समजून नुसती नैराश्याची गोळी चालू केली, तर मूळ गोष्ट नजरेआड राहते. नैराश्यातल्या माणसाला नको नको वाटतं. औदासीन्यात ते ‘नको’सुद्धा नसतं.

इथे मला माझ्या मामांबद्दल सांगावं लागेल. ते सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. निवृत्तीच्या बऱ्याच आधी त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता आणि जून ते ऑक्टोबर रोज सकाळी साडेआठला ते पाऊस मोजत. हवामान खात्याची तीच वेळ, म्हणून यांचीही तीच. वह्यांवर साल घातलेलं असे. आकड्यापुढे कधी एखादा शेरा: ‘वळवासारखा’, ‘रात्रभर, आवाज न करता’. एका वर्षी ही नोंद ऑगस्टच्या मध्यावर थांबली. शेरा नाही, कारण नाही. ती वही दुसरं कुणी वाचत नसल्याने ते कुणाला कळलंही नाही.

घरात मामांविषयी कुणाची तक्रार नव्हती. उलट, ते सुधारले असंच सगळे म्हणत. पूर्वी चिडत, आता चिडत नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तरी जेवून उठतात. नातेवाइकांच्या भांडणात पडत नाहीत. कुणीतरी म्हणालंही, मामा आता खरे वानप्रस्थी झाले. चक्कर आली म्हणून एमआरआय काढला, त्यात ती नेहमीची ओळ होती. डॉक्टरांनी तारीख, वार, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मामांनी सगळं बरोबर सांगितलं. काही त्रास होतो का? नाही. झोप? चांगली. कसं वाटतं? बरं वाटतं.

फरक पहिल्यांदा शब्दांत पकडला तो मामीने. ती मला फोनवर म्हणाली, “अगं, हे आळशी झालेत असं मी म्हणू शकत नाही. आळशी माणूस काम चुकवतो. हे चुकवत नाहीत. सांगितलं की करतात. पण मी सांगितलं नाही, तर दिवसभरात काहीच होत नाही. वाढलं तर जेवतील, नाही वाढलं तर मागणार नाहीत.”

वैद्यकातल्या व्याख्या मी नंतर वाचल्या. लाप्लान यांच्या रुग्णांचं वर्णन आणि मामीची ही चार वाक्यं यांत मला फार अंतर दिसलं नाही. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी मामांना बाहेर बसवून मामीला वेगळं विचारलं, तेव्हा कुठे ही वाक्यं कागदावर आली.

आता पहिला नैतिक प्रश्न. औदासीन्याला आजार म्हटलं, की दोष देणं थांबवावं लागतं का? ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यात सहभागी झालेल्यांना सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक आनुवंशिक आजार होता, जो एकाच जनुकातल्या दोषामुळे तुलनेने कमी वयात होतो. पडद्यावर सफरचंदाचं झाड. इतकी सफरचंदं मिळतील, त्यासाठी हातातली मूठ इतक्या जोराने आवळावी लागेल, सौदा मंजूर आहे का? औदासीन्य असलेल्यांनी जास्त सौदे नाकारले. पण कष्ट त्यांना इतरांहून जड वाटत होते म्हणून नव्हे, तर बक्षीस त्यांना पुरेसं खुणावत नव्हतं म्हणून. आळशी माणसाला आंबा हवा असतो, फक्त झाडावर चढायचं नसतं. इथे आंब्याची गोडीच पुरेशी पोचत नाही.

यावर कुणी म्हणेल, आळशी माणसाच्या मेंदूतही काही ना काही घडतच असणार. मग त्यालाही का सोडू नये? मला वाटतं, ‘मेंदूत कारण आहे की नाही’ ही कसोटीच चुकीची आहे, कारण मेंदूत कारण सगळ्याचंच असतं. इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन याने 1962 च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवलं की, राग, कृतज्ञता, रुसवा या गोष्टी आपण माणसाला आपल्यातला एक मानतो म्हणून येतात. ज्याला आपण नुसता सांभाळायचा किंवा हाताळायचा विषय समजतो, त्याच्यावर आपण रागावत नाही. रागावणं हे एक प्रकारचं बोलणं आहे: तू असं वागायला नको होतंस, आणि हे तुला कळेल अशी माझी अपेक्षा आहे.

मामांच्या बाबतीत हे बोलणं एका विचित्र जागी अडत होतं. मामी चिडून म्हणाली, “दिवसभर नुसते बसता,” तर ते म्हणत, “खरं आहे तुझं.” पटायचंही त्यांना. तरी पुढे काही होत नसे. कारण पोचत होतं, पण ते कारण हलवत नव्हतं. म्हणून दोष देणं इथे अन्याय्य आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. पण राग पूर्ण सोडून द्यायचा, म्हणजे माणसाला खुर्चीसारखं समजायचं, हाही मार्ग नाही. “चला, पाऊस मोजू,” म्हटलं की मामा गच्चीवर जात, नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचत आणि बरोबर लिहीत. बोलणं पोचतं, मात्र ते उपदेश म्हणून नव्हे, आमंत्रण म्हणून पोचायला हवं. कर्तेपणाचा एक हिस्सा, सुरुवातीचा हिस्सा, दुसऱ्या कुणीतरी उचलावा लागतो. मग त्या वहीतल्या नव्या नोंदी कुणाच्या, मामांच्या की मामीच्या? मला त्या दोघांच्या वाटतात. आणि निरोगी माणसांच्या बऱ्याच कामांचंही असंच असतं, फक्त आपण सही एकट्याची करतो.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे. ज्याला त्रास होत नाही, त्याला आजार आहे असं म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? मामांना विचारलं तर ते बरे होते. चिडचिड गेली, हाव गेली, उद्याची काळजी गेली. ज्याला आपण आयुष्यभर ‘समाधान’ म्हणत आलो, त्याची यादी यापेक्षा वेगळी काय असते? आपल्याकडे म्हाताऱ्यांनी हळूहळू प्रपंचातून हात काढून घ्यावा ही अपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतही 1961 मध्ये कमिंग आणि हेन्री या अभ्यासकांनी अशी माघार ही वार्धक्याची स्वाभाविक वाटचाल आहे असा सिद्धांत मांडला होता, आणि त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. म्हणजे धोका दोन्हीकडून आहे. आजाराला वैराग्य समजून हार घालण्याचा, आणि वैराग्याला आजार समजून गोळी देण्याचा. सत्तरीनंतर झोपाळ्यावर नुसतं बसण्याचा हक्क मला मोलाचा वाटतो. तो कुठल्याही प्रश्नावलीने हिरावून घेऊ नये.

यातून वाट काढायला गीतेचा अठरावा अध्याय माझ्या कामी आला, श्रद्धेमुळे नव्हे, तर त्यातल्या वर्गीकरणामुळे. तिथे त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. शरीराला कष्ट होतील या भीतीने सोडणं राजस, फळाची आसक्ती सोडून कर्तव्य करत राहणं सात्त्विक, आणि मोहाने, न कळता सुटणं तामस. तिन्हींत बाहेरून ‘सोडणं’च दिसतं. म्हणजे फरक सोडलेल्या गोष्टीत नाही, सोडण्याच्या रीतीत आहे. ज्याने पाऊस मोजणं विचारपूर्वक सोडलं, तो विचारलं तर काहीतरी सांगू शकतो: कंटाळा आला, पुरे झालं, आता खात्याची यंत्रं आहेत. कारण क्षुल्लक असेल, पण ते त्याचं असतं, आणि त्या सोडण्याला एक तारीख असते. मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “राहिलं.” त्यांनी सोडलं नव्हतं, ते राहिलं होतं. या दोन क्रियापदांतलं अंतर ही माझ्या मते सगळ्यात कामाची कसोटी आहे. समाधानी माणूस एखाद्या गोष्टीला नकार देऊ शकतो. मामा होकार देत होते, सगळ्याला सारखाच.

म्हणून त्रास नसला तरी नुकसान आहे, असं मी म्हणते. आपल्याला काय हवंय हे ठरवण्याची जागाच झिजत असेल, तर ‘मला काही नकोय’ ही साक्ष त्या झिजेबाबत अखेरची मानता येत नाही. ती नोंदवावी, तिचा मान राखावा, पण तिच्यावर तपास थांबवू नये.

मग साक्ष कुणाची? जवळच्या माणसाची. 1994 मध्ये जेफ्री कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या, आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मुलाखतीच्या पद्धतीत औदासीन्याचे प्रश्न सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच विचारले जातात. पुढे त्यात, या लक्षणाचा तुम्हाला स्वतःला किती त्रास होतो, हाही प्रश्न आला. हे योग्य आहे, कारण या आजारात वेदना बऱ्याचदा शेजारच्या माणसाला होते. पण त्यात एक गफलत होऊ शकते. सांभाळणाऱ्याला ज्याचा त्रास होत नाही, ते लक्षण म्हणून मोजलंच जात नाही. न मागणारा, न भांडणारा म्हातारा सोयीचा असतो. मामांच्या शांतपणाचं कौतुक करणाऱ्या सगळ्यांना त्यांच्यासोबत फक्त दोन तास काढायचे होते. दिवसाचे चोवीस तास ज्या बाईला दोघांच्या वतीने इच्छा करायला लागत होती, तिलाच ते दिसलं.

निदानाने मामांचं फारसं काही बदललं नाही, हे मान्य करायला हवं. या आजारातल्या औदासीन्यावर खात्रीचं असं औषध आज नाही. रक्तदाब नीट ठेवणं, साखर सांभाळणं, चालणं, दिवसाला बाहेरून आखणी देणं, एवढंच हातात आहे. बदल झाला तो मामीत. हे आपल्यावरचं प्रेम आटल्यामुळे नाही, हे तिला कळलं. ‘यांना माझी पर्वा नाही’ हे वाक्य तिने मनातल्या मनात किती वर्षं म्हटलं असेल, कुणास ठाऊक. एखादी तपासणी रुग्णापेक्षा त्याच्या बायकोला जास्त उपयोगी पडली, तर ती वाया गेली असं मी मानत नाही.

पण हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे. माणसाची तुलना त्याच्या आधीच्या स्वतःशी करायची, म्हणजे आधी त्याने स्वतःहून काही सुरू केलेलं असायला हवं. मामांकडे वह्या होत्या. मामीकडे काय आहे? ती सत्तरीत आहे, रक्तदाबाची गोळी तीही घेते. तिचा दिवस पन्नास वर्षं इतरांच्या भुकेच्या आणि औषधांच्या वेळांनी आखलेला आहे. तिला बाहेरून सूचना कधी कमी पडलेल्याच नाहीत. उद्या तिच्या मेंदूतला तो आतला धक्का हळूहळू मंदावला, तरी पोळ्या होतील, दूध तापेल, गोळ्या काढून ठेवल्या जातील. सांगितलं की ती करील, आणि सांगणारे घरात आहेतच. तुमचे छंद सोडून दिलेत का, या प्रश्नाला ती हसेल. तुम्हाला काय आवडतं हे जिला कधी विचारलं गेलं नाही, तिची आवड गेली हे ओळखायची पट्टी अजून कुणी बनवलेली नाही.

मी आता फोन केला की मामीला मामांबद्दल विचारून झाल्यावर आणखी एक विचारते, तू या आठवड्यात स्वतःसाठी काय केलंस? पहिले काही महिने ती म्हणायची, “मला कुठे वेळ?” परवा म्हणाली, “शेजारच्या मुलीकडून फोनवर जुनी नाटकं लावायला शिकले.” मी त्या तारखेची नोंद करून ठेवली आहे. पुढे कधी तुलना करायची वेळ आली, तर निदान एक नोंद असावी.